डाव्या बाहीचा डाग

आमच्या सासूबाईंची सव्वीस वर्षं सिनेमाच्या कपडेपटात गेली. नटाचं वरचं बटण उघडं होतं की लावलेलं, बाही किती दुमडलेली, बूट कुठल्या बाजूनं मळलेला, हे सगळं ध्यानात ठेवणं हे त्यांचं काम. सिनेमा काही सलग काढत नाहीत. माणूस आज दाराबाहेर पडतो आणि त्याच दारातून महिनाभरानं आत येतो. तेवढ्यात त्याच्या रुमालानं खिसा बदलायला नको. म्हणून त्यांच्याकडे एक जाडजूड वही असायची, पानापानावर फोटो चिकटवलेले आणि खाली बारीक अक्षरात तपशील.

असं काम करून करून माणूस संशयी होतो, की मुळात संशयी असलेलीच माणसं या कामाला लागतात, देव जाणे. घरात साखरेचा डबा बोटभर सरकला तरी चौकशी बसते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "काल पावसात मैत्रिणीकडे गेले होते म्हणालीस. मग छत्री कोरडी कशी?" मैत्रिणीनं गाडीतून न्यायला-सोडायला येऊन उपकार केले होते. हे पटवायला मला तिला फोन लावून द्यावा लागला. तेव्हाच मी कानाला खडा लावला, या बाईंशी खोटं तर बोलायचं नाहीच, पण खरंही बेतानंच बोलायचं.

जगात त्यांचा विश्वास एकाच माणसावर होता. कपडेपटातले इस्त्रीवाले, त्यांना सगळे 'कडक' म्हणायचे. नाव इस्त्रीमुळे पडलेलं. स्वभावानं माणूस इतका मऊ की कुणी रागावलं तर तेच आधी माफी मागायचे. बावीस वर्षं दोघांनी एका खोलीत काम केलं, भिंतीशी सासूबाईंची कपाटं, खिडकीशी कडकांचं टेबल. डबा एकत्र खायचे. कपाटाची दुसरी किल्ली फक्त त्यांच्याकडे असायची. मला घरच्या कपाटाची किल्ली मिळायला सहा वर्षं लागली, हे जाता जाता सांगून ठेवते.

तर तो कोर्टातला थरारपट. गोष्टीचा सगळा डोलारा एका शर्टावर उभा. वकीलबाई भर कोर्टात खुन्याचा शर्ट उंच धरतात आणि म्हणतात, "रक्ताचा डाग डाव्या बाहीवर आहे. माझा अशील उजव्या हाताचा आहे!" मग अशील सुटतो आणि त्याचा डावखुरा मेहुणा सापडतो.

प्रदर्शनाला पंधरा दिवस असताना ट्रेलर आला, त्यात वकीलबाईंचं ते वाक्यही होतं, आणि लोकांनी अर्ध्या दिवसात चूक पकडली. खुनाच्या प्रसंगात मेहुणा पळत येतो तेव्हा डाग उजव्या बाहीवर! झालं. जो तो वकील झाला. वकीलबाईंनी भलत्यालाच लटकवला म्हणे. मग खरा खुनी कोण? कुणी लिहिलं, धोब्याला अटक करा. ऐन शेवटाचं पितळ आधीच उघडं पडलं.

निर्मात्यांनी दोघांना बोलावून घेतलं. म्हणाले, "शर्ट तुमच्या दोघांच्याच हातातून गेलाय. चूक कुणाची ते सोमवारपर्यंत सांगा. एकाला घरी बसावं लागेल."

सासूबाईंची वही साफ होती. सकाळचा फोटो, डाग डाव्या बाहीवर. पण शॉट दुपारचा. मधला तासभर शर्ट कडकांच्या टेबलावर होता. त्या घरी आल्या आणि जेवताना मला म्हणाल्या, "इस्त्रीनं करपला असणार. घाबरून दुसरा शर्ट काढला आणि घाईत भलत्या बाहीला रंग फासला."

"कडककाका? आई, ते आपणहून सांगतील की."

"माणूस अडचणीत आला की कुणी सांगत नाही. त्या दिवशी डबाही पुरता खाल्ला नव्हता त्यानं. मी तेव्हाच बघितलं होतं."

एकदा संशय धरला की त्यांना सगळंच त्याची साक्ष द्यायला लागतं. तो उशिरा आला होता, नजर चुकवत होता, शिंकलासुद्धा. सोमवारी सगळ्या खात्यासमोर त्यांनी कडकांना उभं केलं. ही हकिगत मला तिथल्या शिवणवालीनं सांगितली.

"तुझ्याशिवाय त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?"

"तुमच्याकडे, ताई," कडक म्हणाले. "मी डागाला हात लावला नाही. डाग सोडून बाकीच्या शर्टावरच इस्त्री फिरवली."

"मग डाग चालत गेला का या बाहीतून त्या बाहीत?"

कुणीतरी हसलं. कडकांनी किल्ली टेबलावर ठेवली, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि ते निघून गेले. नोकरी सासूबाईंची राहिली.

आरोपी तर गेला, पण सासूबाईंना चैन पडेना. गुन्हा कबूल झालेला नव्हता ना! रोज संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर तो ट्रेलर लावायच्या, तेवढाच तुकडा, पुन्हा पुन्हा. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. चौथ्या दिवशी मला कंटाळा आला आणि मी सहज म्हटलं, "आई, याचा खिसा उजवीकडे का हो? शर्टाला डावीकडे असतो ना?"

त्यांनी चित्र थांबवलं. खिसा उजवीकडे. बटणपट्टी उलट्या बाजूची. केसांचा भांगही उजवीकडे गेलेला. डाग हलला नव्हता, अख्खा माणूसच आरशात दिसावा तसा फिरला होता! काखेत कळसा म्हणतात तो हा. जिची नजर सुटलेल्या दोऱ्यावर जायची, ती बाई इतके दिवस फक्त बाही बघत होती. कारण तिला बाहीचाच गुन्हेगार हवा होता. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संकलकाला गाठलं. त्याला आधी आठवेचना. मग म्हणाला, हो, मेहुणा उलट्या दिशेनं पळताना दिसत होता, पुढच्या शॉटशी जुळेना, म्हणून चित्र फिरवलं होतं. अगदी साधं. चित्र पुन्हा सरळ झालं, सिनेमा वेळेवर लागला. माफी कुणी कुणाची मागितली नाही.

रविवारी त्या मला घेऊन कडकांकडे गेल्या. दोन खोल्यांचं घर. कडकांनीच दार उघडलं आणि आम्हाला बसवलं. सासूबाईंनी चित्र कसं फिरलं, खिसा कसा दिसला, संकलक काय म्हणाला, सगळं क्रमानं सांगितलं. मग म्हणाल्या, "चूक माझी झाली. उद्या कामावर ये. मी सगळ्यांसमोर सांगते."

कडकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला खिसा दिसला म्हणून तुम्ही आलात. दिसला नसता तर?"

मी मनात म्हटलं, बाई गं, आता तरी खोटं बोला. म्हणा की तरी आले असते, बावीस वर्षांची ओळख आहे. एवढं एक वाक्य होतं, आणि ते बोलल्या असत्या तर माणूस दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभा असता, एवढं मला कडकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "नसते आले."

"तेच म्हटलं," कडक म्हणाले. रागावले नव्हते. उठून आत गेले आणि आमच्यासाठी पाणी घेऊन आले. "आता माझ्याच्यानं तिथं इस्त्री धरवणार नाही, ताई. प्रत्येक शर्टाच्या वेळी वाटेल, तुम्ही बघताय."