शनिवारची कॅज्युअल

"शनिवारी कॅज्युअल हाय, मग शुक्रवारी संध्याकाळीच देवरूखची गाडी पकडतो."

नोटीस बोर्डासमोर उभे राहून काका स्वतःशीच बोलले. मी मागे पाण्याची बाटली भरत होते. मला वाटलं, काका कॅज्युअल कपडे घ्यायला देवरूखला चालले आहेत. रत्नागिरीत एवढी दुकानं असताना देवरूखला कशाला, असा प्रश्न पडला, पण विचारला नाही. मी प्रश्न सहसा विचारत नाही.

आमची कंपनी आंब्याचा पल्प करते. काका मागच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतात आणि सही करण्यापुरते ऑफिसात येतात. त्या आठवड्यात मुंबईहून इंग्रजीत मेल आला होता, की दर शनिवारी सर्वांनी 'स्मार्ट कॅज्युअल्स' घालावेत. साहेबांनी ऑफिसात बसणाऱ्यांना तोंडी सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "तू इंग्लिश मीडियमची ना? मग मराठीत करून बोर्डावर लाव."

ह्या वाक्यातला 'मग' मला अजून कळलेला नाही.

नोटिशीला मी पाऊण तास घेतला. 'स्मार्ट'ला आधी 'हुशार' लिहिलं आणि लगेच खोडलं. कपड्यांपाशी अडले. 'पोशाख' पाठ्यपुस्तकातला वाटला, 'वेष' नाटकातला, आणि नुसतं 'कपडे' म्हटलं की आमच्या मागच्या अंगणातली दोरी डोळ्यांसमोर यायची. शेवटी तो शब्दच गाळला. 'येत्या शनिवारपासून दर शनिवारी कॅज्युअल. सर्वांनी नोंद घ्यावी.' शुद्धलेखन तीनदा तपासलं आणि टाचणी लावली.

एवढी भीती कशाची, तर माझ्या मराठीची. घरी मी मराठीच बोलते, पण चारचौघांत वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात काकांचं काम उरकेपर्यंत मला थांबायचं होतं, म्हणून मी अदबीनं विचारलं होतं, "काका, तुम्ही कधी संपणार?" सगळे हसायचे थांबेनात. काका तेवढे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ता देवाच्या हातात गो बाय. मी आपला तयार हाय." तेव्हापासून मी ऑफिसात मोजकंच बोलायची.

आठवडाभर दुसरा विषय नव्हता. अकाउंट्सच्या ताई रोज कडक इस्त्रीच्या साडीत येतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "कॅज्युअल म्हणजे नक्की काय गो? मी घरी गाऊनवर टॉवेल टाकून दुधाला जाते, तशी येऊ?" मी हसले. हसणं हे माझं बऱ्याच प्रश्नांचं उत्तर आहे. मी स्वतः आदल्या रात्री तीन जोड पलंगावर मांडून बसले होते, हे त्यांना कशाला सांगा.

शनिवारी मी जीन्स आणि निळा कुर्ता घातला. ओढणी घेतली नाही. म्हणजे घेतली, पण बॅगेत.

साहेब पोपटी टी-शर्टमध्ये आले. तो पँटमध्ये खोचलेला, वर चामड्याचा पट्टा, खाली पॉलिश केलेले काळे बूट. ताईंनी कॉलेजात जाणाऱ्या लेकीचा लांब कुर्ता घातला होता आणि ओढणीला तीन ठिकाणी पिना. साडी नसल्यामुळे त्यांचे हात दिवसभर पदर शोधत होते. साहेब त्यांना "वा!" म्हणाले. ताई म्हणाल्या, "तुम्हीपण अगदी सुट्टीला आलेल्या जावयासारखे दिसताय हं!" साहेब चक्क लाजले. माझ्याकडे बघून ताई म्हणाल्या, "छान दिसतेस. आज मान वर करून चाल की जरा." मला इतकं बरं वाटलं, की मी दोनदा उगाच झेरॉक्स मशीनपर्यंत जाऊन आले.

अकरा वाजता ट्रक आला आणि काका नव्हते. साहेबांनी स्पीकरवर फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"गावाला, साहेब. पावटं काढतोय. आज कॅज्युअल ना!"

"कॅज्युअल आहे म्हणून गावाला?"

"मग कॅज्युअल टाकून ऑफिसात कोण येतो, साहेब?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोडाऊनमध्ये कॅज्युअल म्हणजे कॅज्युअल लीव्ह, किरकोळ रजा. दुसरा अर्थच नाही. कंपनीनं शनिवार सोडला, असं काका समजले होते. फोन ठेवून साहेब ताईंना म्हणाले, "अर्ज नाही, काही नाही. एक कॅज्युअल कापा त्यांची."

ताईंचा पेन हवेतच थांबला. काकांच्या वर्षाला सात कॅज्युअल असतात आणि सातही शिमग्याच्या, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. ताप आला तरी ते त्यातली एक मोडत नाहीत. यंदा पालखी नाचवायचा मान त्यांच्या वाडीचा होता, आणि सातव्या दिवशी पालखी त्यांच्या घरी यायची होती. सहा रजांत तो दिवस बसत नव्हता.

रविवारी मी भाट्याच्या किनाऱ्यावर चालत मनातल्या मनात वाक्यं जुळवली. इंग्रजीत ती फार सुंदर झाली.

सोमवारी काका पिशवीभर पावट्याच्या शेंगा घेऊन आले आणि ताईंच्या टेबलावर ओतल्या. "सगळ्यांनी वाटून घ्या." मग साहेबांनी त्यांना रजेचं सांगितलं. काका भांडले नाहीत. बोर्डाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "लिवलंय तसा केला, साहेब." आणि बोट खाली घेतलं. नोटीस कोणी लिहिली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ते न पाहणं मला बसू देईना. मी उठले. खुर्ची करकरली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

मी जे बोलले, त्यावर ताई टेबलावर डोकं टेकून हसल्या. साहेबांनी हसू दाबायला पोपटी नसलेल्या शर्टाची कॉलर नीट केली आणि सातवी रजा काकांना परत दिली. काका डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे मी संपायच्या आधी तू बोललीस गो एकदाची!" शिमग्याला मी त्यांच्या घरी पालखी बघायला गेले, तेव्हा अंगणात जमलेल्या सगळ्या वाडीला माझं वाक्य पाठ होतं. मीही हसले, सगळ्यांपेक्षा जास्त.

त्या सोमवारी, भरल्या ऑफिसात, मला वाटतं बऱ्यापैकी मोठ्यानं, मी म्हटलं होतं:

"साहेब, काकांची चूक नाही, माझी आहे. लाज वाटली, म्हणून नोटिशीत मी कपडेच घातले नाहीत."