लवकर फेडल्याचा दंड

जव्हारला बाजारापासून थोडं लांब, आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून बाबांची भात भरडायची गिरणी होती. दिवाळीनंतर पाड्यापाड्यांवरून बायका डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या. यंत्र सुरू झालं की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. ते नवं यंत्र घेण्यासाठी बाबांनी घर आणि गिरणी तारण ठेवून नाशिकच्या एका कंपनीकडून दहा वर्षांचं कर्ज काढलं होतं. "व्याजाचा दर शेवटपर्यंत बदलणार नाही," असं तिथल्या माणसाने सांगितलं, तेच बाबांना फार आवडलं होतं.

निम्मी मुदत सरत आली तेव्हा त्यांना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, "कोंड्याची ही धूळ सोडा. औषधाने भागणार नाही."

बाबांनी गिरणी विकायचं ठरवलं. मोखाड्याचे एक निवृत्त गुरुजी आपल्या मुलासाठी ती घ्यायला तयार झाले. इसार दिला. अट एकच, गिरणीवर कर्ज नको. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी थोडी जमीन विकून पैसे उभे केले आणि मला घेऊन एसटीने नाशिकला निघाले. घाटभर ते खुशीत होते. "आज मोकळा होणार बघ," एवढंच दोनतीनदा म्हणाले.

ऑफिसातल्या साहेबांनी पाणी मागवलं, कागद काढले आणि आम्ही आणलेल्या पैशांत न बसणारा एक आकडा सांगितला. बाबांना वाटलं, चुकून दुसऱ्याचं खातं उघडलंय.

"मुदतीआधी फेडलंत तर आमचं पुढचं व्याज बुडतं," साहेब म्हणाले. "ते भरून द्यावं लागतं."

"पुढची वर्षं अजून आलीच नाहीत, साहेब. त्यांचं व्याज कसं?"

"करारात आहे ते. सही तुमचीच आहे ना?"

"सही माझीच. पण उशीर केला तर दंड समजतो. मी तर लवकर आलोय."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाण्याचा पेला बाबांकडे सरकवला आणि कागद परत बांधले. जव्हारच्या वकिलांनीही पुढे तेच सांगितलं. लढायचं तर वर्षं जातील, आणि हप्ते भरतच राहावे लागतील.

त्या दिवशी परतताना आम्ही मोखाड्याला उतरलो. गुरुजींना खरंच वाईट वाटलं. पण मुलाला थांबता येत नव्हतं. बाबांनी इसार त्यांच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओला पंचा नाकातोंडाला बांधला आणि मोटर सुरू केली. जमिनीचे पैसे औषधांत आणि हप्त्यांत सरत गेले. माणूस ठेवून पाहिला, पण त्याचा पगार दिला की हप्ता निघेना. मग पुन्हा तेच. यंत्राच्या आवाजाखालून त्यांचा खोकला यायचा. भाकरी थापताना आईचे हात थांबायचे. खोकला येईनासा झाला की ती जास्त घाबरायची, परातीतलं पीठ तसंच ठेवून दारात जायची.

दहा वर्षं पुरी झाली. कर्ज फिटलं, त्याच महिन्यात यंत्र भंगारात गेलं. बाबा ओसरीवर बसून राहायचे. बोलताना मध्येच श्वासासाठी थांबायचे.

आणि दुपारी, घर निजलेलं असताना, ते दचकून उठायचे. "मोटर बंद कर गं. पट्टा जळतोय."

पहिल्यांदा मी म्हटलं, "बाबा, यंत्र नाहीये आता तिथे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तसं म्हटलं नाही. आई मात्र उठायची, त्या रिकाम्या खोलीत जायची, थोडा वेळ थांबायची आणि येऊन म्हणायची, "केली बंद." मग ते झोपायचे. खरं सांगायचं तर भिंतीला टेकून बसलं की एखाद्या दुपारी मलाही ती घरघर जाणवायची. मी कुणाला बोलले नाही.

दोन पावसाळे काढून बाबा गेले. त्यानंतर एका दुपारी आई चटईवरून उठली आणि पदर सावरत त्या खोलीकडे गेली. मी अडवलं नाही. बऱ्याच वेळाने आली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. आज बंदच होती."

त्या खोलीला भाडेकरू मिळतात. मागे एकजण मोबाईलचं दुकान टाकायला आला होता. आई आधी हो म्हणाली, किल्लीही दिली. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन किल्ली परत घेऊन आली.