रॉटरडॅमच्या धक्क्यावरचा काळा चष्मा

खलाशांच्या हेल्पलाइनच्या आमच्या हडपसरच्या ऑफिसातून समुद्र दिसत नाही, रिक्षा स्टँड दिसतो. तरी जगभरच्या बोटींवरचे खलाशी आम्हाला फोन करतात. त्यांचं ऐकून घेणं आणि जमेल ती मदत मिळवून देणं हे माझं काम. पुण्यात बसून दर्यावर्द्यांना धीर देते म्हणून नातेवाइकांत माझी यथेच्छ थट्टा होते. त्यामुळे रॉटरडॅमच्या सहकाऱ्यांनी बंदर बघायला बोलावलं, तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत.

शिवाय मनात गजानन होता. हा यवतमाळकडचा खलाशी. गंज खरवडताना त्याच्या डाव्या डोळ्यात कण उडाला होता. लगेच दाखवलं नाही तर डोळा जाईल, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आजारी माणसाला पुन्हा बोटीवर घेत नाहीत या भीतीने तो कॅप्टनपासून लपवत होता. बोट रॉटरडॅमला लागणार एवढं सांगून त्याने फोन ठेवला, तो पुन्हा लागलाच नाही.

स्टेशनवर विलेम न्यायला आला. फोनवर तरुण वाटणारा हा सहकारी प्रत्यक्षात पांढऱ्या मिशांचा, जहाजावरून निवृत्त झालेला इंजिनिअर निघाला. बंदराचा रस्ता संपता संपेना. दोन्हीकडे क्रेन, पवनचक्क्या आणि माणूस औषधालाही नाही.

गाडीतच त्याने नियम सांगितला. बोटीवर कुणाचंही नाव घेऊन चौकशी करायची नाही, कारण नाव घेतलं की तक्रार कुणी केली ते वरिष्ठांना कळतं. आपण लोकरीच्या टोप्या वाटायच्या, चहा घ्यायचा आणि सगळ्यांनाच खलाशी केंद्रावर चला म्हणायचं. ज्याला बोलायचं असतं तो व्हॅनमध्ये बसतो. मला हे फारच संथ वाटलं.

गजाननच्या बोटीच्या शिडीवर माझी ओढणी दोरात अडकली आणि एका खलाशाने ती सोडवेपर्यंत मी अधांतरी उभी होते. वर जेवणघरात आचाऱ्याने आग्रहाने डाळभात वाढला. कोपऱ्यात एकजण आतही काळा चष्मा लावून बसला होता. नाव अगदी ओठांवर आलं. पण शेजारच्याच टेबलावर चीफ ऑफिसर जेवत होता. मग मला जे सुचलं ते केलं. मी विलेमशीच मराठीत बोलायला लागले. काय बाई ही थंडी, आमच्याकडे एवढ्या थंडीत लोक पांघरुणाबाहेर येत नाहीत, वगैरे. विलेम बिचारा गंभीरपणे मान डोलावत राहिला. काळ्या चष्म्याने जेवता जेवता मान वर केली.

व्हॅनमध्ये तो माझ्या मागेच येऊन बसला.

"मॅडम, आवाजावरून वळखलं तुमाले," तो हळूच म्हणाला. "फोनवरही असंच खेकसता."

बाकीच्यांना केंद्रावर सोडून विलेमने गाडी नेत्रतज्ज्ञाकडे नेली. दारातच गजाननचे पाय अडले.

"नोकरी गेली तं?"

"त्याची खात्री मी देऊ शकत नाही," मी म्हटलं. "पण डोळा आणखी थांबणार नाही."

मग तिथूनच त्याने कॅप्टनला फोन लावला आणि स्वतः सगळं सांगितलं. कॅप्टन ओरडला खरा, पण इतके दिवस का लपवलंस म्हणून. डॉक्टरांनी कण काढला. नजर वाचेल म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

केंद्रावर आम्ही एर्टेनसुप (वाळलेल्या वाटाण्यांचं दाट सूप) घेतलं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या गजाननने ते चाखून, पिठलं आहे पण फोडणी विसरले, असा निकाल दिला. विलेमला मी त्याचं भाषांतर सांगितलं नाही.

पुण्यात परतल्यावर ऑफिसात सगळे विचारत होते, काय शिकून आलीस? थांबायला शिकले, असं मी म्हणत असे. ते कुणालाच पटत नसे, आणि मला ओळखणाऱ्यांना तर मुळीच नाही.

एका दुपारी गजाननचा फोन आला. तो त्याच बोटीवर होता आणि डोळ्याने नीट दिसत होतं. पण फोन त्याने स्वतःसाठी केला नव्हता. आचारीकाकांच्या छातीत दुखतं, ते कुणाला सांगत नाहीत, मीच ओढत आणलंय, असं म्हणून त्याने फोन त्यांच्या हातात दिला.

"बेटी," काका चाचरत म्हणाले, "नौकरी तो नहीं जाएगी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून गजाननच त्यांना समजावू लागला. मी गप्प बसून ऐकलं.