दोन बोटं लांब ट्रक

गोंदाचा वास आला की मोताळ्याचं घर आठवतं. वडिलांनी आयुष्यभर चपट्या तोंडाचा निळा ट्रक चालवला. लकव्याने उजवा हात गेला आणि ट्रक विकावा लागला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्याच ट्रकचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, शोकेसमध्ये मावेल इतकं आखूड. डाव्या हाताने फिरवून पाहत ते म्हणाले, "चाकं इतके जवळ काऊन बे? माल भरला का घाटात तोंड उचलीन हे." मी सांगाडा दोन बोटं वाढवून मागची चाकं मागे नेली. "आता शोकेसचं दार लागत नाही, बाबा." "राहू दे उघडं. निळे रंग आणले का, त्यातला आपल्या ट्रकचा कोणता ते मी दाखवतो." रंग आणायच्या आधीच ते गेले. ट्रक अजून पुठ्ठ्याच्याच रंगाचा आहे. दुकानात निळे पुष्कळ मिळतात.