खांडसुरेनची वरची जागा

माझी सासू खांडसुरेन म्हणजे घरातली मागे राहणारी बाई. गोबीच्या वाळवंटात प्रत्येक घराला असं एक माणूस लागतंच. लग्न असो, जत्रा असो, कुणीतरी उंटांपाशी थांबायला हवं. सासरे राजधानीत येऊन सुखबातर चौकात फोटो काढून गेले, दीर येऊन गेले, शेजारीपाजारीसुद्धा येऊन गेले. सगळ्यांचे फोटो तिच्या नमद्याच्या गोल तंबूत, गेरमध्ये, दारासमोरच्या पेटीवर ओळीने मांडलेले असतात. तिचा त्यात नाही. माझ्या लग्नालाही ती आली नव्हती. उंटिणी व्यायच्या होत्या म्हणे. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, सुनेपेक्षा उंटीण जवळची! हा राग मी चांगला जपून ठेवला होता.

यंदा ती आली ती डोळ्यांसाठी. काचबिंदूने डावा डोळा गेलेला, उजवाही विझत चाललेला. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "उद्या शस्त्रक्रिया करू. पण नजर राहीलच असं वचन मी देत नाही. काय बघायचं असेल ते आजच बघून घ्या."

"काय बघायचंय, आई?" मी दवाखान्याच्या दारातच विचारलं.

"चौक," ती म्हणाली आणि लाजली. "तुझे सासरे जिथे उभे राहिले होते ना, अगदी तिथे जाऊन."

नवरा कामावर होता, म्हणून मीच रजा टाकली. मी ट्रॉलीबस चालवते. रोज या चौकाला वळसा घालते, पण आत पाऊल टाकल्याला किती वर्षं झाली ते आठवत नाही. तिने निळा रेशमी देल, आपला ठेवणीतला लांब अंगरखा, घातला, कंबरपट्टा आवळून बांधला, छातीवर पुष्कळ मुलांच्या आईला मिळतं ते पदक लावलं. मी तिचं गाठोडं आणि पिशव्या उचलल्या.

दक्षिणेकडून आत शिरलो आणि ती थबकली. मला वाटलं होतं, गोबीतल्या बाईला मोकळ्या जागेचं काय कौतुक?

"आमच्याकडची मोकळी जागा आपली असतेच," ती हळूच म्हणाली. "ही माणसांनी राखलीय. एवढी घरं, एवढी दाटी, आणि मधलं आभाळ कुणालाही गिळू दिलं नाही." मग पायाने फरशी चाचपून, "पण गवताची काडी नाही गं! उंट आणला असता तर उपाशी मेला असता."

मी हसले. ती मात्र आता कुणाच्या तरी घरात आल्यासारखी कुजबुजत होती. "बघ, दार दक्षिणेला. मधोमध, चुलीच्या जागी, घोड्यावरच्या सुखबातरचा पुतळा. आणि उत्तरेला खोइमर, मानाची जागा. तिथे वरच्या जागी घरधनी स्वतः बसलेत ना? सगळे सांगतात."

समोर सरकारवाड्याच्या खांबांमध्ये चंगीझ खानाचा भला मोठा पुतळा बसलेला होता. मी दारापासून वरपर्यंत पाहिलं. खरंच की, हे गेरच होतं! दार, चूल, मानाची जागा, सगळं जिथल्या तिथे, आणि वर छताऐवजी ते निळंशार आभाळ. इतकी वर्षं मी या घराच्या भिंतीबाहेरून बस हाकत होते आणि मला पत्ताच नव्हता.

पण तिथेच घोडं अडलं. खांडसुरेन उजवीकडे वळली, गुलाबी नाट्यगृहाच्या बाजूला जाऊन कडेला उभी राहिली आणि हलेना.

"चला ना पुढे."

"माझी जागा हीच. भांड्याकुंड्यांची, बायकांची बाजू. घरधनी बसलेले असताना सून वर जाते का?"

"अहो आई, तो पुतळा आहे!"

"म्हणून रीत सोडायची?"

"मी सांगते ना, वर चला."

"सुनेने सासूला वर बोलवायचं? उद्या म्हणशील, उंटाने धन्याला चारायला न्यायचं."

"बरं, इथून दिसतं का काही?"

"काहीतरी काळं काळं दिसतं."

"मग उद्या कशाने बघणार आहात? जन्मभर दाराशी बसलात, आता डोळे जायची वेळ आली तरी दाराशीच?"

तिने नुसतं पदक सरळ केलं. माझी चिडचिड होत होती आणि रडूही येत होतं. ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळच्या उजेडात तिला पायाखालचंही दिसत नसे.

तेवढ्यात फोटो काढून परतणारे एक म्हातारबुवा आमच्यापाशी थांबले. तिच्याहून बरेच मोठे, तपकिरी देल, छाती पदकांनी भरलेली. त्यांनी रीतीप्रमाणे तपकिरीची दगडी कुपी दोन्ही हातांनी पुढे केली.

"जनावरं धष्टपुष्ट आहेत ना?"

माळावरची ही विचारपूस राजधानीच्या ऐन पोटात, मागे बसगाड्या भोंगे वाजवत असताना!

"धष्टपुष्ट आहेत. तुमच्याकडे पाऊसपाणी?" तिने कुपी हुंगून परत दिली.

"बरा झाला. अशा कडेला का उभ्या?"

"मी सून आहे."

त्यांनी उत्तरेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हसू नका हो, मी मनात म्हणत होते. ते हसले नाहीत.

"घरी सून असाल. इथे तुम्ही लांबून आलेल्या पाहुण्या. पाहुणीला दाराशी ताटकळत ठेवलं तर त्या घरधन्याची अब्रू राहील का?" त्यांनी हात पुढे केला. "वर या, बाई. वर या."

तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. हे वाक्य कानावर पडलं की तिने जन्मभर वर बसणाऱ्या दुसऱ्यांसाठी चहा केला होता. तिला ते कुणी म्हटलं नव्हतं.

ती त्यांच्या हाताला धरून निघाली, तेही सरळ नाही. आधी दाराकडे परत आली, मग डावीकडून, सूर्य फिरतो तशी, घोडेस्वाराला उजवीकडे ठेवत वर गेली. मी होते तिथेच राहिले. पायऱ्यांपाशी पोचल्यावर ती मान वर करून पुतळ्याकडे बघत राहिली. एवढ्याशा बाईसमोर तो केवढा दिसत होता! मग ती सावकाश वळली आणि अख्ख्या चौकाकडे तोंड करून उभी राहिली.

आणि ओरडली. माळावर उंटांना हाक मारतात तो आवाज. सगळा चौक वळून बघायला लागला.

"पोरी! तू कुठेयस? दिसत नाहीस!"

"इथेच आहे, आई! तुम्ही काढा फोटो, मी पिशव्यांपाशी थांबते!"

"पिशव्या काय उंट आहेत, पळून जायला? वर ये!"

मी पिशव्या टाकून धावले. डावीकडून फिरून गेले, मलाच नवल वाटलं. वर पोचले तर तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजवा डोळा अगदी जवळ आणला.

"चौक झाला बघून," ती म्हणाली. "आता हलू नकोस."

गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" म्हणत होता. ती माझ्याकडेच बघत राहिली.