ट्रेलरखालची सावली

एखादी वस्तू दारात चार महिने नुसती उभी राहिली की तिच्याखाली गवत उगवतं आणि तिच्याभोवती किस्से. आमच्या दारात बोटीचा ट्रेलर आहे, म्हणजे बघा!

राहुरीकडं धरणाच्या काठाला आमचं घर. आमचे हे आणि धाकटे दीर, बाळूभावजी, बोटीनं मासे धरतात. उन्हाळ्यात पाणी पार आत सरकलं की बोट ट्रेलरवर चढवून दारात आणतात. नुसती चाकांवर ठेवली तर टायर एकाच जागी दबून चिरतात. म्हणून ट्रेलर उचलायचा, खाली टेकण द्यायचं आणि चाकं अधांतरी ठेवायची. बायांनो, ऐकायला सोपं आहे. पण माझी चिमी आता चार वर्षांची, आणि तिची सगळ्यात आवडती जागा म्हणजे त्या ट्रेलरखालची गार सावली! तुम्ही हसा. मला हसू अर्धंच येतं.

*

पहिल्या वर्षी बाळूभावजींनी विटा रचल्या. चुलतभावाच्या भट्टीतल्या, फुकटच्या. "वहिनी, घरची वीट हाय, हत्ती उभा करा!" म्हणाले. हत्ती राहू द्या, बोटीनंच चौथ्या दिवशी विटांचा भुगा केला. धाडकन आवाज आला, मी पिठाच्या हातानं पळत गेले. चिमी ओट्यावर होती.

सासरे, आबा, लांबून बघत होते. एवढंच बोलले, "भावकीवर भार टाकायचा नसतो!"

सगळे हसले. मी चिमीला उगाच एक धपाटा घातला आणि मग मीच रडत बसले.

*

पुढच्या वर्षी लोखंडी घोड्या आणल्या. घोडी म्हणजे तीन पायांचं टेकण. त्या तशाच काळ्या मातीत ठेवल्या. माती उन्हानं दगडासारखी झालेली, कोणाला शंका येणार? अवकाळी पाऊस झाला आणि एका घोडीचे पाय वीतभर खाली गेले. बोट एका अंगाला कलली.

बाळूभावजी म्हणतात, "बोटीला पाणी आठवलं, म्हणून वाकून बघतीय!"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

आता आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा किस्सा. ह्यांनी डावं चाक जॅकवर उचललं होतं. ट्रेलर घरंगळू नये म्हणून उजव्या चाकाला पुढं-मागं दगड लावलेले. त्यातला एक आत्याबाईंचा धुण्याचा! त्यांचं धुणं बादलीत भिजलेलं. त्या आल्या, दगड उचलला आणि चालायला लागल्या. ट्रेलर सरकला, जॅक आडवा, आणि ह्यांनी हात काढला म्हणून वाचला.

"मला काय ठाव, दगड कामाला लागलाय!" आत्याबाई म्हणाल्या.

हे नेहमी ओरडतात. त्या दिवशी ओरडले नाहीत. आपला हात उलटासुलटा करून बघत बसले. आत्याबाईंनी ते धुणं दोन दिवस तसंच ठेवलं.

*

आबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. नुसत्या जॅकवर गाडी उभी होती, त्यांनी खाली हात घातला. ते स्वतः कधी सांगत नाहीत. मी एकदाच विचारलं. म्हणाले, "जॅक उचलायला असतो, धरायला न्हाई."

*

यंदा आबा स्वतः उठले. सपाट, टणक जागा बघितली. जाड फळ्या आडव्या टाकून त्यावर घोड्या ठेवल्या. आसाखाली, चाकाच्या जवळ, दोन्ही बाजूंना. पुढच्या दांडीलाही टेकण दिलं. जॅक काढून घरात नेला. मग बाळूभावजींना म्हणाले, "लाव जोर." भावजींनी खांदा लावून ढकललं. हललं नाही.

तरी मी रोज सकाळी चिमीला बाहेर सोडायच्या आधी ट्रेलरला दोन्ही हातांनी रेटून बघते. भावजी ओरडतात, "वहिनी, धक्का मारून ट्रेलर स्टार्ट व्हत न्हाई!" हे म्हणतात, "हिला डॉक्टरला दाखवा." शेजारच्या बायका तर बघायला येतात!

एकदा मी आबांना म्हटलं, "तुम्ही केलंय म्हणजे पक्कंच असणार. पण पोरगी खाली गेली की माझा जीव ठिकाणावर राहत नाही."

आबांनी वाकून ट्रेलरखाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमीला झोपवून बाहेर आले, तर ट्रेलरखाली गोधडी अंथरलेली आणि तीवर आबा आडवे. बरोबर आसाच्या खाली, तीन बोटांचा हात छातीवर. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. चिमी उठून पळत जायची तेव्हा ते आधीच तिथं असायचे.

मी विचारलं, "आबा, इथं कशाला झोपता?"

"सावली बरी हाय," म्हणाले आणि कूस बदलली.

समोर आमचं कडुलिंबाचं दाट झाड आहे. आबांची बाज बारा महिने त्याच्याखाली असते. ती तिथंच होती, रिकामी.