कारंज्यावरच्या मेंढ्यांचे कान

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. साताऱ्यातील एका चौकातल्या कारंज्याचे प्रकरण मात्र अजून तपशिलासह आठवते.

कारंज्याभोवती फायबरच्या पाच मेंढ्या होत्या. एका सकाळी पाचही मेंढ्यांच्या डाव्या कानाला सारखीच त्रिकोणी खाच आढळली. नगरपालिकेचा तक्रार अर्ज आमच्या पोलीस ठाण्यात आला. रात्रीचा पहारेकरी झोपला असावा, असा संशय होता. हा माजी सैनिक. सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर पहाऱ्याचा ठेकेदार त्याला कामावरून काढणार होता.

जबाब देताना तो म्हणाला, "साहेब, बर्फात पोस्ट सोडली न्हाई. हितं मेंढरं सोडून झोपंन व्हय?"

आम्ही रात्रीचे चित्रीकरण तपासले. काही मिळाले नाही. मग समोरच्या भेळवाल्याचा फोन आला. "रातीचं काय बघताय? दुपारी एक म्हातारा येतोय. मेंढरांसंगं बोलत बसतोय."

आदल्या दिवशीच्या दुपारच्या चित्रीकरणात तो सापडला. भर गर्दीत, मेंढीचा कान धरून शांतपणे पाते चालवत होता. फोटो काढणाऱ्या एका कुटुंबाने त्याला हाताने बाजूला व्हायला सांगितले. तो झाला. ते गेल्यावर पुन्हा कामाला लागला. तो काय करतो आहे, हे कोणी पाहिले नाही.

त्याला ठाण्यात बोलावले. खुर्ची दिली तरी तो खालीच बसला.

"आजोबा, कान का कापले?"

"कापलं न्हाईत. खूण केली. आमच्या कळपाची. बिनखुणेचं मेंढरू कुणीबी हाकून न्हेतंय."

"ती फायबरची आहेत."

"ठावं हाय की. येडा न्हाई मी."

तो वडूजकडचा मेंढपाळ. गुडघे गेले तेव्हा कळप विकला आणि मुलाने साताऱ्यात आणले. मुलगा आणि सून दोघेही कारखान्यात.

"दिवसभर बोलता कुणाशी?" मी विचारले.



पहारेकऱ्याची नोकरी जाणार असल्याचे सांगितले, तेव्हा त्याने बंडीच्या खिशातून करवतीचे पाते काढून टेबलावर ठेवले. "त्या फौजीला ठिवा. माझं नाव लिवा."

वय पाहून नगरपालिकेने अर्ज मागे घेतला. आम्ही लेखी समज दिली. पहारेकरी कामावर राहिला. खाचा भरून वरून रंग दिला गेला.

नुकसानीच्या प्रकरणात लाभ शोधायचा, नाहीतर वैर, असे आम्हाला शिकवलेले असते. एखाद्याला ओळखीचे काहीतरी हवे असते, हे कारण मला या तपासात प्रथम कळले.

काही दिवसांनी पहारेकरी ठाण्यावरून जाताना थांबला. म्हातारबाबा येतात का, असे मी त्याला विचारले.

"रंग दिल्यावर एकदाच आलं, साहेब. सगळ्यांचं कान चाचपलं. ही आमची न्हवंत म्हणालं, आन् गेलं."